पाजणीच्या सकाळची गोळी

तुमच्या घरात कुणी साखरेच्या आजाराची गोळी घेत असेल, तर आज सकाळी गोळी घेतल्यावर त्या माणसाच्या पोटात अन्न कधी गेलं, हे तुम्ही सांगू शकाल का? गोळी घेतली की नाही ते तुम्ही सांगाल. साखर बंद केली, भात कमी केला, हेही सांगाल. आमच्या घरानेही सांगितलं असतं, अगदी अभिमानाने. मी विचारते आहे ते एवढंच, की गोळीनंतर पहिला घास कधी?

माझे बाबा पवनीला हातमागावर लुगडी विणत. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, पाय मागाच्या पावड्यांवर, आणि धोटा सारखा इकडून तिकडे. विणताना हातात कागद धरता येत नाही, म्हणून वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे होतं. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. सुताच्या भावाची, मजुरीच्या मागणीची, विणकरांच्या सभांची, गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कागदावर छापलेली. बाबा सभेहून आले की खिशातून पत्रक काढून माझ्याकडे देत आणि खड्ड्यात उतरत. मी मागाच्या कडेला बसून मोठ्याने वाचत असे. एखादं वाक्य पटलं की ते धोटा थांबवून म्हणत, "हे पुन्हा वाच." अन्याय कुठेतरी लिहून ठेवला की अर्धा संपतो, असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना बाबा विणताविणता सारखे खड्ड्यातून वर येऊ लागले. पाणी प्यायचे, बाहेर जाऊन यायचे, पुन्हा पाणी. शेजारच्या घरात काकाजी, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, विणत असे. तो भिंतीपलीकडून ओरडायचा, "भाऊ, लुगडं विणता का विहीर उपसता?"

वेशीजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि साखरेचा आजार असल्याचं सांगितलं. जेवणाआधी अर्धा तास गोळी घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही. साखर, गूळ बंद. भात कमी, पोळी जास्त. रोज चालायला जायचं. घरी तपासायला काचेची नळी आणि एक निळं औषध मिळालं. औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचे. निळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर फारच वाईट.

पहिल्यांदा नळी पिवळी झाली तेव्हा बाबांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "असा पिवळा किनारीले पाहिजे होता मले. रंगारी देऊनच नाही राहिला."

"तुमाले किनार सुचून राहिली?" माय म्हणाली आणि तिने नळी हातातून काढून घेतली.

सुरुवातीचे महिने आम्ही हसतच काढले म्हटलं तरी चालेल. आमच्या भागात दोन वेळा भात आणि सकाळी पेज. पोळी सणाला किंवा पाहुण्याला. आमच्या घरी रोज पोळ्या लाटल्या जाऊ लागल्या तशी गल्ली विचारू लागली, कोण पाहुणे उतरलेत एवढे दिवस? भात सोडताना बाबांनी कुरकुर केली नाही, पण भांडंभर पेज मात्र रोज प्यायचे. मी अडवलं तर म्हणाले, "पेज कायचा भात? पेज तर पाणी आहे." ते खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे पेजेला कुणी जेवणात धरतच नाही. डॉक्टरांना वाटलं भात कमी झाला, बाबांना वाटलं पथ्य चाललं, आणि नळी पिवळीची पिवळीच.

चालण्याचंही तसंच. संध्याकाळी बाबा वैनगंगेकडे निघाले की रस्त्यात जो भेटेल तो विचारी, "कोण गेलं, भाऊ?" काम नसताना नदीकडे जाणारा माणूस मयतीलाच चालला असणार! "कोणी नाही गेलं, फिराले चाललो," असं सांगून सांगून बाबा कंटाळले. मग खांद्यावर एक रिकामी पिशवी टाकून जाऊ लागले. पिशवी पाहिल्यावर कुणी विचारेना.

दवाखान्यात या आजाराचं एक छापील पत्रक मिळालं होतं. तेही मी मागाच्या कडेला बसून वाचलं. त्यावर शर्ट-पँट घातलेला एक माणूस टेबलापाशी बसलेला, समोर ताटली, ताटलीत सफरचंद. पत्रक वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, "या माणसाले काम काय आहे?" ते मला आधी सुचायला हवं होतं. त्या चित्रातल्या माणसाचं घड्याळ त्याच्या स्वतःच्या हातात होतं. तो जेवायला बसला की त्याचं काम थांबत होतं.

आमचं काम तसं थांबत नाही. नवा ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, मागावर चढवण्याआधी त्याला तांदळाची खळ लावावी लागते, नाहीतर विणताना धागे तुटतात. याला पाजणी म्हणतात. पहाटे, ऊन तापण्याआधी, ताणा गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांबूच्या कैच्यांवर , म्हणजे फुलीसारख्या बांधलेल्या बांबूंवर, ताणून धरतात. खळ लावली की दोन्ही बाजूंची माणसं मोठे कुंचे घेऊन ताण्यावरून ओढत चालत राहतात. जायचं, यायचं, पुन्हा जायचं, धागा न् धागा सुटा होऊन वाळेपर्यंत. मध्येच थांबलं तर धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळा ताणा वाया जातो. एका घरची पाजणी असली की गल्ली हात द्यायला येते, पुढे त्यांच्या पाजणीला आपण जायचं. आणि रीत अशी, की पाजणी होईपर्यंत कुणी जेवायचं नाही. ताण्याला उष्टा हात लावायचा नाही. पेजही नाही, तिच्यात शितं असतात. चहा चालतो. चहाने हात उष्टा होत नाही, असं फार पूर्वी कुणीतरी ठरवून टाकलेलं आहे.

त्या दिवशी आमच्या घरची पाजणी होती. आधीच्या पाजण्यांना ताणा लवकर वाळला होता, आता थंडीचे दिवस. बाबांनी उठल्याबरोबर गोळी घेतली, कारण ती चुकवायची नाही असा हुकूम होता. मायने दोन चहा केले. मोठ्या गंजात सगळ्यांसाठी गोड, आणि लहान भांड्यात बाबांसाठी फिका. कुणाच्या चमच्याची साखरही त्यात पडू नये म्हणून ते भांडं ती वेगळं ठेवायची.

"वहिनी, थंडी आहे. आजच्या दिवस भाऊले चमचाभर टाका," समोरच्या घरातला विणकर म्हणाला.

"तुमी यायले वाईट सवय नोका लावू," माय म्हणाली. सगळे हसले. बाबांनी फिका चहा घेतला आणि कुंचा उचलला.

दिवस चांगला वर आला तरी ताणा वाळायचा होता. बाबा आधी थट्टेत सामील होते, मग गप्प झाले. मग त्यांचा कुंचा वाकडा जाऊ लागला. समोरून काकाजी म्हणाला, "भाऊ, सरळ ओढा, धागे गुंतून राहिले." तर बाबांनी त्याला शिवी दिली. बाबांच्या तोंडून शिवी मी जन्मात ऐकली नव्हती. कुणीतरी म्हणालं, "आज भाऊले सकाळीच चढली वाटते!" आणि गल्ली पुन्हा हसली. मी जवळ गेले तर त्या थंडीत त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते, आणि माझ्याकडे ते असे पाहत होते, जणू मी कुणाची पोर आहे हे त्यांना आठवत नाही. मग ते खाली बसले. बसले तेही खळीच्या भांड्याला टेकून. शिजलेल्या तांदळाचं भांडं भरलेलं, आणि माझा बाप त्याच्या कडेला अन्नावाचून बसलेला. हे तेव्हा मला कळलं नाही, कुणालाच कळलं नाही.

"साखर चढली!" काकाजी ओरडला. "साखर चढली भाऊले! वहिनी, गोळी आणा, लवकर!"

माय धावत गेली आणि तिने आणखी एक गोळी बाबांच्या तोंडात घालून पाणी पाजलं. मी घरात जाऊन ते छापील पत्रक शोधून आणलं. तहान लागते, थकवा येतो, जखमा लवकर भरत नाहीत. घाम फुटतो, माणूस भलतं बोलतो, असं त्यात कुठेच नव्हतं. मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

बाबांची मान पडली तेव्हा काकाजीने खाट आणली. चार माणसं खाटेला लागली आणि ताण्यावरचे हात कमी झाले. मी खाटेमागे निघाले होते. मायने मला धरून बाबांचा कुंचा माझ्या हातात दिला.

"तू ताण्याकडे पाह्य."

"माय, मी येते ना!"

"ताणा चिकटला तर खाऊ काय? पाह्य म्हणलं ना."

खाट वेशीकडे गेली आणि मी कुंचा ओढत उलट दिशेला चालू लागले. गल्लीच्या टोकाला गेले, परत आले, पुन्हा गेले. वर्षानुवर्षं मी मोठ्या आवाजात वाचलेलं एक वाक्यही त्या वेळी माझ्या उपयोगाचं नव्हतं. बाजूच्या बायका सांगत होत्या, "हात हलका ठेव, बाई." मी हात हलका ठेवला. ताणा चांगला वाळला. एकही धागा चिकटला नाही.

दवाखान्यात काय झालं ते मायने नंतर सांगितलं. डॉक्टरांनी बाबांना पाहिलं आणि शिरेत सुई घालून साखरेचं पाणी सोडलं. माय तिथेच त्यांच्यावर धावून गेली. "महिने झाले मी साखर लपवून ठेवून राहिली, अन् तुमी सुईनं साखर घालून राहिले?" सुई संपायच्या आत बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, मी कुठे आहो?

"बाई, यांची साखर चढली नव्हती. संपली होती," डॉक्टर म्हणाले. "गोळी साखर खाली ओढते. पोटात काही नसलं तर ती माणसालाच खाली ओढते. सकाळपासून काय खाल्लं यांनी?"

"पाजणी होती," माय म्हणाली.

"आणि गोळी एकच दिली ना?"

मायने दोन बोटं वर केली. डॉक्टरांनी त्यांना रात्रीपर्यंत ठेवून घेतलं, कारण दोन गोळ्यांचा जोर उतरायचा होता.

परत आल्यावर माय मला सारखी विचारत होती, "मग यानं आधी काहून नाही सांगितलं?" डॉक्टरांनी सांगितलं होतं. जेवणाआधी अर्धा तास, असं सांगितलं होतं. त्यांच्या घरी अर्ध्या तासात जेवण येत होतं, आमच्या घरी ताणा वाळल्यावर. मी चिडायला कुणीतरी शोधत होते. मला चिडणं येतं, मी त्यातच वाढले आहे. पण डॉक्टर चुकीचे नव्हते, माय चुकीची नव्हती, काकाजीचं भावावर प्रेम होतं. हा राग कुणाच्या दारात नेऊन टाकावा, हे मला आजही कळलेलं नाही.

पुढच्या पाजणीच्या आधी मी गल्लीतल्या जाणत्यांकडे गेले. म्हटलं, मध्ये थोडा वेळ थांबून खाऊन घेऊ या. ते म्हणाले, थांबलं तर धागे चिकटतील. उशिरा सुरू करू या म्हटलं, तर ऊन तापलं की सूत कडक होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बाबांना म्हटलं, आधी जेवा, हात स्वच्छ धुवा, मग या. ते म्हणाले, "माझ्या बापानं नाही केलं. माझ्या हातानं ताणा उष्टा नाही होणार." सभेत सरकारला जाब विचारणारा माणूस हा! मी वाद घातला, आवाज चढवला, रडलेही. ते ऐकून घेत राहिले आणि हलले नाहीत.

मग मला वाटलं, हात उष्टा व्हायला नको ना? मग दुसऱ्याने भरवावं. मी मायला म्हटलं.

"मी? चारचौघात नवऱ्याले भरवू?" ती लाजून इतकी हसली की तिला ठसका लागला. "लग्नात भरवला तेवढा पुरे झाला."

शेवटी मीच उभी राहिले. त्या पाजणीला पोळी-भाजीची ताटली घेऊन बाबांच्या बाजूने चालत गेले आणि घास पुढे केला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पहिला घास गेला. पलीकडून आवाज आला, "भाऊ, बारसं कधी आहे?" दुसरा म्हणाला, "आंगडं-टोपडं आणा रे कोणी!" वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, गल्ली अशीच बोलते. पण बाबांचा चेहरा लाल झाला. दुसरा घास मी धरून राहिले आणि त्यांनी मान वळवली. "पुरे झालं, पोरी. जा घरात."

त्यानंतर त्यांनी आपला मार्ग काढला. पाजणीच्या दिवशी गोळीच घ्यायची नाही. आम्हीही सुटकेचा निःश्वास टाकला. पण आमच्या गल्लीत आज या घरची पाजणी तर उद्या त्या घरची, आणि बाबा सगळीकडे जाणारे. शिवाय ती थरथर त्यांच्या मनात बसली होती. बाजाराच्या दिवशी रस्त्यात पडलो तर? सूत देणाऱ्या शेठच्या पेढीवर भलतं बोललो तर? गोळी अशी एकेका दिवसातून निघून गेली. नळी विटेसारखी लाल होऊ लागली, आणि तिच्यातल्या रंगाबद्दल बाबा काही बोलेनासे झाले. मी गोळी हातावर ठेवायची, ते म्हणायचे, "जेवताना घेतो." माझ्यासमोर खिशात टाकायचे. मी खिसा तपासू शकत होते. त्यांच्या मनातली भीती मला काढता आली नाही.

खड्ड्यात पावडीची खीळ वर आली होती, ती उजव्या अंगठ्याला रोज घासत होती. बाबांना ते जाणवलंच नाही. पायाला मुंग्या येतात असं ते म्हणायचे, बधिर झालाय असं कधी म्हणाले नाहीत. मायला वास आला तेव्हा जखम आत गेली होती. पवनीचे डॉक्टर आता रागावलेही नाहीत, त्यांनी फक्त नागपूरला न्या म्हटलं. तिथे आधी अंगठा काढला. मग अर्धं पाऊल काढलं. दोन्ही वेळा मी बाहेरच्या बाकावर होते. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित घेत होते का? माय माझ्याकडे पाहू लागली. एवढ्या सगळ्याचं उत्तर हो की नाही, यात कसं द्यायचं?

अर्ध्या पावलाने पावडी दाबता येत नाही. बाबा आता ओट्यावर बसून कांड्या भरतात, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळतात. आमच्याकडे ते बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं काम आहे. त्यांच्या मागावर मी विणते.

मी विणकरांच्या सभेत हे मांडलं. म्हटलं, पाजणीच्या रीतीचा विचार आपण सगळ्यांनी मिळून केला पाहिजे. मंचावरच्यांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, ताई, हा घरगुती प्रश्न आहे, आधी मजुरीचं होऊ द्या. मजुरीचं व्हायलाच हवं, त्याची पत्रकं मीच लिहिते. पण ज्या रीतीने गल्लीभर माणसं एका ताण्याला बांधली जातात, ती घरगुती कशी?

या थंडीत काकाजीला तोच आजार निघाला. त्यालाही गोळी सुरू झाली. परवा त्याच्या घरची पाजणी होती. मी त्याच्या बायकोला आदल्या दिवशीच सगळं समजावलं होतं. तिने ताटली भरून माझ्याकडे दिली आणि आपण दाराआड उभी राहिली. मी घास घेऊन गेले.

"ठेव तिथं," काकाजी म्हणाला. "झालं की खातो. मी काही भाऊसारखा कच्चा नाही."

ओट्यावरून बाबा ओरडले, "खा बे! लाज काहून वाटून राहिली तुले?"

काकाजीने कुंचा न थांबवता विचारलं, "तुमी खाल्लं होतं का?"

बाबांनी मान खाली घातली आणि कांडी भरू लागले. काकाजी पुढे निघून गेला. त्या दिवशी त्याला काही झालं नाही. ताणा लवकर वाळला होता. दर वेळी वाळणार नाही.

म्हणून मी तुम्हाला काही मागते आहे. गोळी घेणाऱ्या माणसाला उपदेश करू नका, तो मी पोटभर करून पाहिला आहे. तुमच्याकडे पाजणी असेल, धानाची रोवणी असेल, किंवा असंच मध्ये थांबता न येणारं कोणतंही काम असेल, तर पुढच्या वेळी सुरू होऊन थोडा वेळ गेला की तुम्ही, ज्यांना काहीही आजार नाही त्यांनी, आधी आपलं तोंड उघडा. घरच्या बाईला मोठ्याने म्हणा, मलाही भरवा. मग शेजारच्यानेही म्हणावं, मग त्याच्या शेजारच्याने. सगळ्यांच्या तोंडात घास असला की हसायला कुणी उरत नाही, आणि त्या एका माणसाला मान वळवावी लागत नाही.